टेबल शेअर करणार? चला नारायण पेठेत!

परगावी गेलं की तिथल्या नाश्त्याच्या आणि माणसांच्या आपण लगेच प्रेमात पडतो. या रविवारी जरा आपल्याच शहरात पाहुणे होऊन बघा. व्हिसा नको, बुकिंग नको. फक्त लवकर उठायची तयारी हवी!

कुणाच्याही परदेशवारीचा अल्बम बघा, त्यात नाश्त्याचे फोटो असणारच. त्यातून कपल ग्रीसला जाऊन आलेलं असेल तर विचारायलाच नको. निळा समुद्र, पांढरी घरं आणि पुढ्यात ऑलिव्ह, फेटा चीज, घट्ट दह्यावर सोडलेला मध. फोटो संपले की कौतुक सुरू. ‘काय प्रेमळ माणसं आहेत हो तिथली! ओळख ना पाळख, पण कॉफीबरोबर गोड काहीतरी हातावर ठेवणारच.’ ग्रीक मंडळींकडे या पाहुणचारासाठी खास शब्दच आहे, फिलोझेनिया. म्हणजे परक्यावरचं प्रेम. प्राचीन ग्रीकांचा ‘झेनोस’ हा शब्द तर परका आणि पाहुणा, दोघांनाही चालायचा.

आता पुण्याकडे वळू. (हसू नका!) पुणेरी पाहुणचारावरचे विनोद सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत. ‘जेवूनच आला असाल ना?’ हा त्यातला सगळ्यात जुना. ‘दुकान दुपारी एक ते चार बंद’ हा दुसरा, पण तो आता सोडून द्यायला हवा, कारण चितळे बंधूंनी बाजीराव रस्त्यावरचं दुकान २०१७ मध्ये दुपारीही उघडं ठेवायला सुरुवात केली. तर अशा या शहरात परक्या माणसाचं स्वागत होतं तरी कसं? स्टार हॉटेलातला ब्रेकफास्ट बुफे याचं उत्तर देणार नाही. त्यासाठी नारायण पेठ गाठायला हवी. सकाळी आणि रिकाम्या पोटी.

पूल ओलांडला की...

डेक्कनहून लकडी पूल ओलांडला की तुम्ही पेठेच्या दारात. नाव लकडी, पण लाकूड औषधालाही नाही. पेशवाईतला लाकडी पूल कधीच गेला, आजच्या पुलाचं अधिकृत नाव संभाजी पूल. २०२३ पासून मेट्रोही डेक्कनला थांबते, तेव्हा ‘पेठेत पार्किंग कुठे मिळणार?’ ही सबब आता चालणार नाही.

अलका टॉकीजच्या चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागा आणि डाव्या हाताच्या एखाद्या गल्लीत शिरा. रस्त्यावरची साड्यांची दुकानं अजून झोपलेली असतात. आतल्या गल्ल्या मात्र केव्हाच जाग्या झालेल्या. पेपरवाल्यांचे गठ्ठे, दुधाचे क्रेट, हातात पिशवी घेऊन निघालेले आजोबा आणि पत्र्या मारुतीपुढे स्कूटर बंद न करताच नमस्कार करणारी जनता. या भागात देवांनाही टोपणनावं आहेत. शेजारच्या पेठांमध्ये जिलब्या मारुती आहे आणि उपाशी विठोबाही आहे. नारायण पेठेतला मोदी गणपती तर खुश्रुशेट मोदी या पारशी गृहस्थांच्या बागेवरून ओळखला जाऊ लागला, असं सांगतात. गणपती आपला, आडनाव पारशी आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

पेठेचं नाव नारायणराव पेशव्यांवरून. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात ज्यांचा खून झाला, तेच हे. काकाच्या राजकारणात जीव गमावलेल्या पुतण्याचं नाव ज्या पेठेला मिळालं, तिथे आज सकाळी सगळ्यात जास्त ऐकू येणारी हाक कोणती असेल? ‘काका!’ ‘काका, एक पोहे.’ ‘काका, दोन कटिंग.’ ‘काका, शेव जरा जास्त.’ टपरीवाला पंचविशीचा असला तरी तो काकाच.

मिसळ, स्लाइस आणि अनोळखी कोपर

मुंजाबाचा बोळ शोधायला जीपीएस लागत नाही. रविवारी सकाळी फुटपाथवर ताटकळणारी गर्दी दिसली की समजायचं, बेडेकर आलं. १९४८ मध्ये चहाचं दुकान म्हणून सुरू झालेली ही जागा आज मिसळीसाठी ओळखली जाते, पण नावात अजूनही ‘टी स्टॉल’च आहे.

मिसळ पंथाचे लोक इथे लगेच वाद घालतील. कोल्हापूरकरांना ही मिसळ ‘गोड’ वाटते, नाशिककरांना पापड आठवतो. पुणेरी मिसळीचा पिंडच वेगळा. खाली पोहे, बटाट्याची भाजी, वर चिवडा, शेव, कांदा, कोथिंबीर आणि त्यावर थोडा गुळमट, मसालेदार रस्सा. सोबत पाव नाही, ब्रेडचे स्लाइस. स्लाइस का, पाव का नाही, यावर पुणेकर तासभर बोलू शकतात. तुम्ही खायला लागा.

पण त्याआधी बसायचं कुठे? जागा मोजकी आणि गर्दी भरपूर. त्यामुळे ‘टेबल फॉर टू’ वगैरे विसरायचं. चौघांच्या टेबलावर दोघं बसलेले असतील तर उरलेल्या दोन खुर्च्या तुमच्या. ‘इथे कुणी आहे का?’ एवढं विचारायचं. समोरचा मान वर न करता म्हणतो, ‘बसा.’ झालं! यापलीकडे स्वागत नाही. वेलकम ड्रिंक नाही, ‘हॅव अ नाइस डे’ नाही. पण तुम्ही बसता तेव्हा शेजारचा आपली बशी दोन इंच सरकवतो. लिंबाच्या फोडींची वाटी तुमच्याकडे ढकलतो. रस्सा वाढणारा आला की ‘यांना पण द्या’ असंही म्हणून टाकतो.

या टेबलावर कोण कोण असतं? मॉर्निंग वॉकचं निमित्त करून आलेले निवृत्त काका. शनिवारची नाइट शिफ्ट संपवून आलेली आयटीवाली दोघं. आप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला आलेले बाप-लेक. आणि एकटीच येऊन, पुस्तक उघडून, शांतपणे मिसळ खाणारी मुलगी. हे शेवटचं दृश्य साधं वाटतं ना? एके काळी हॉटेलात बायकांसाठी पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ असायची आणि तिथेही घरचं माणूस बरोबर लागायचं. बाईने एकटीने हॉटेलात जाऊन खाणं म्हणजे वाड्यात दोन दिवसांची चर्चा.

गर्दीने आपल्याला शेजारी बसवलं, यात प्रेमबिम काही नाही, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण याच शहरात, शेजारी बसून काय घेतलं यावरून केवढा गहजब झाला होता, ते माहीत आहे?

एका चहाची गोष्ट

साल १८९०. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना एका कार्यक्रमाचं आमंत्रण होतं. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कार्यक्रम संपल्यावर यजमानांनी रीतीप्रमाणे पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं ठेवली. काहींनी घेतली. काहींनी नुसता कप हातात धरला आणि खाली ठेवला.

पुढे गोपाळराव जोशींनी (डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान) हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली. मग काय, शहर पेटलं! ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणजे धर्म बुडाला. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, बहिष्काराची भाषा झाली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी मित्रांची अडचण सुटावी म्हणून १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचे बोल ऐकून घेतले. हे सगळं कशासाठी? यजमानाने आपुलकीने पुढे केलेल्या एका कपासाठी.

ही झाली बड्या लोकांची गोष्ट. ज्यांच्यापुढे कप येतच नव्हता, त्यांचं काय? १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तोही घरचा-दारचा विरोध पत्करून. पुण्यातला खरा पाहुणचार कधी सुरू झाला, असं कुणी विचारलं तर मी त्या हौदाकडे बोट दाखवीन. पुढेही कित्येक वर्षं हॉटेलांच्या पाट्यांवर ‘ब्राह्मणांचे’, ‘हिंदूंचे’ अशी विशेषणं झळकत होती. कोणी आत बसायचं आणि कोणी बाहेर वेगळ्या कपात चहा घ्यायचा, हे ठरलेलं होतं. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि तिच्या पंधराव्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही दुकानात, उपाहारगृहात किंवा हॉटेलात अडवायला बंदी केली. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत हॉटेलचा उल्लेख वेगळा करावा लागला! का करावा लागला, ते पंचहौदाच्या चहावरून समजतं.

आता पुन्हा त्या मिसळीच्या ताटलीकडे बघा. मिरची आणि बटाटा मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेले. ‘पाव’ हा शब्दही त्यांचाच. बिस्किटासारखाच पाव-ब्रेडही एकेकाळी सोवळ्या घरात वर्ज्य. पोहे घरचे, मटकी घरची, बाकी निम्मी ताटली पाहुण्यांची. शंभर वर्षांपूर्वी ज्या ब्रेडने पेठेत प्रायश्चित्ताची वेळ आणली असती, तो आज पेठेच्या खास पदार्थासोबत मिळतो आणि ‘पाव नको, स्लाइसच हवा’ म्हणून पेठकरच हट्ट धरतात. खाण्याच्या बाबतीत पेठ फार पुढे आलीय. आपण खाणारी माणसं तेवढी पुढे आलोय का, हा खरा सवाल आहे.

आधी विश्रांती, मग वडा

मिसळ जिरवायला चालत केळकर रस्त्यावर या. तिथे केसरीवाडा आहे. मूळचा हा गायकवाड वाडा, टिळकांनी १९०५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांकडून घेतला. ‘केसरी’चं बिऱ्हाड इथलंच आणि गणेशोत्सवातला मानाचा पाचवा गणपतीही. पंचहौदाच्या चहाने ज्यांना एवढा मनस्ताप दिला, त्यांच्या वाड्याबाहेरच्या फुटपाथवर आज कोण कुणाच्या हातचा चहा पितंय, हे कुणी बघतही नाही.

याच परिसरात प्रभा विश्रांतीगृहाचं नाव बटाटेवड्यासाठी पुणेकरांच्या पिढ्यान्‌पिढ्या घेत आल्यात. पण वड्याइतकंच मला ते नाव आवडतं. जुन्या माणसांनी हॉटेलला नावं काय सुरेख दिली होती! उपाहारगृह, विश्रांतीगृह. आधी टेका, मग खा. आणि चहाच्या दुकानाला ‘अमृततुल्य’. ही अमृततुल्य थाटली ती बहुतांशी राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी. पितळी भांडं, खलबत्त्यात कुटलेली वेलची, आलं, दुधातच उकळलेला चहा आणि तो गाळायला फडकं. म्हणजे पुणेकर ज्याला छाती फुगवून ‘आपला पुणेरी चहा’ म्हणतात, तो पुण्याला पाजला मारवाडातून आलेल्या माणसांनी. आले पाहुणे म्हणून, राहिले यजमान होऊन.

कॉट बेसिसवाले

नारायण पेठेतल्या नाश्त्याचे खरे मालक मात्र फूड ब्लॉगर नाहीत आणि पेन्शनर काकाही नाहीत. ते आहेत एमपीएससीवाले. नारायण, सदाशिव, शनिवार या पेठांमध्ये बीड, परभणी, नांदेड, सोलापूर, जळगावहून आलेली हजारो पोरं-पोरी राहतात. ‘कॉट बेसिस’वर. म्हणजे खोलीतली फक्त एक कॉट तुमची. दिवस अभ्यासिकेत, जेवण मेसमध्ये आणि सकाळी टपरीवरचे पोहे. रविवारी रात्री बऱ्याच मेस बंद असतात, म्हणून काहीजण रविवारचा नाश्ता मुद्दाम उशिरा आणि भरपेट करतात. दोन वेळचं एकात!

परगावच्या विद्यार्थ्याला जेवू घालण्याची या पेठांची परंपरा जुनी आहे. पूर्वी गरीब मुलं ‘वार लावून’ जेवत. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. काही माधुकरी मागत. १९०९ मध्ये सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची मुलंही माधुकरीवर शिकली, पुढे मोठी झाली. या आतिथ्याला कमी लेखायचं कारण नाही. पण त्या पंगतीत कुणाला बसता येत होतं, हेही विसरायला नको. वार बहुतेक करून ब्राह्मणाच्या मुलालाच मिळायचा. बाकीच्यांनी शिकायचं तर वेगळी वसतिगृहं काढावी लागली.

आजच्या पोरांना वार नको, पैसे मोजून खायचंय. तरीही एक प्रश्न त्यांची पाठ सोडत नाही. खोली बघायला गेलं की मालकांचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. ‘आडनाव काय?’ त्यानंतर ‘नॉनव्हेज खाता का?’ आणि मुलगी असेल तर ‘रात्री किती वाजता येणार?’ कुठल्याही पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा, हा अनुभव सांगणारं कुणीतरी भेटेलच.

पोह्यांच्या गाडीवर मात्र हा प्रश्न येत नाही. मिसळीच्या टेबलावरही येत नाही. तिथे विचारतात, ‘तिखट चालेल?’ आणि ‘अजून स्लाइस देऊ?’ नियमित येणाऱ्या पोराला गाडीवरच्या मावशी एखाद दिवशी ‘काल आला नाहीस रे? बरं नव्हतं का?’ असंही विचारतात. पेपर जवळ आला की ‘कधी आहे रे परीक्षा?’ म्हणतात. घरापासून चारशे किलोमीटरवर, एका कॉटच्या जागेत राहणाऱ्या माणसाला कुणीतरी आपली गैरहजेरी मोजतंय, ही गोष्ट पोह्यांपेक्षा जास्त पोट भरते. ग्रीकांच्या ‘झेनोस’चं मराठी भाषांतर करायचं झालं, तर मला हीच मावशी आठवते.

ही जागा टिकेल?

पेठ झपाट्याने बदलतेय. नदीकाठचे कितीतरी वाडे १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात गेले, उरलेले आता रीडेव्हलपमेंटमध्ये चाललेत. त्यात राग धरण्यासारखं काही नाही, पडक्या वाड्यात राहणाऱ्यालाही लिफ्ट आणि स्वतंत्र संडास हवाच. पण नाश्त्याची जुनी ठिकाणं उभी राहिली ती वाड्यांच्या तळमजल्यावरच्या जुन्या, स्वस्त भाड्याच्या जागांवर. नव्या बिल्डिंगमधल्या काचेच्या गाळ्याचं भाडं पोहे-उपम्यातून निघत नाही. मग तिथे येतं शोरूम, नाहीतर बर्गरची चेन. तिथे दोघांचं टेबल दोघांचंच असतं. शेजारी कुणी येऊन बसत नाही आणि कुणी ‘बसा’ म्हणत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस हल्ली आपल्यासारख्याच माणसांत जातो. सोसायटी, ऑफिस, मॉल, जिम, सगळीकडे साधारण आपल्याच पगाराची, आपल्याच भाषेची माणसं. वेगळ्या गावचा, वेगळ्या परिस्थितीतला माणूस कोपराला कोपर लावून बसलाय, अशा जागा शहरात किती उरल्यात, मोजून बघा. नारायण पेठेतली सकाळ त्यातली एक आहे. ती टिकवायला काही मोठं करावं लागत नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी जायचं, पैसे देऊन खायचं आणि समोर कुणी उभं राहिलं की आपली बशी दोन इंच सरकवायची.

नाश्त्याला निघण्यापूर्वी

● वेळ: सकाळी साडेसात ते नऊ उत्तम. दहानंतर रांग आणि अकरानंतर ‘संपलं’ ऐकायची तयारी ठेवा. प्रत्येक ठिकाणची साप्ताहिक सुट्टी वेगळी, आधी खात्री करा.

● कसं जाल: मेट्रोने डेक्कन आणि पुढे पायी लकडी पुलावरून. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. गाडी शक्यतो नकोच.

● क्रम: मिसळ, मग पायी केसरीवाडा, मग वडा (पोटात जागा असेल तर), शेवटी अमृततुल्य. परतताना आप्पा बळवंत चौकात एखादं पुस्तक.

● एटिकेट: खाऊन झालं की उठायचं. पुढचा माणूस उभा आहे. गप्पा बाहेर फुटपाथवर, तिथे कुणी उठवत नाही.

● पाट्या: वाचा, हसा, फोटो काढा, पण पाळासुद्धा.

● आणि हो: शेजारच्याशी बोला. गाव विचारा, परीक्षा विचारा, मिसळ कशी वाटली विचारा. आडनाव नाही विचारलं तरी चालतं!